स्पाइक गार्ड असूनही रिसीव्हर का जळला, आणि आता काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सावंतवाडीजवळच्या गावातील घरात आपण टीव्ही, एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाजाचे सिग्नल एकत्र घेऊन स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर), पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) अशी यंत्रणा बसवली होती. टीव्ही, रिसीव्हर आणि डिशचा सेट-टॉप बॉक्स हे तिन्ही एका चांगल्या कंपनीच्या स्पाइक गार्डवर होते आणि सबवूफर समोरच्या भिंतीवरील थ्री-पिन सॉकेटला जोडलेला होता. मे महिन्यातील वळवाच्या पावसात घराजवळ वीज पडली. तेव्हापासून सेट-टॉप बॉक्स पूर्ण बंद आहे, रिसीव्हर चालू होतो पण एचडीएमआयवर काहीच येत नाही, सबवूफर नुसता घुमत राहतो, आणि स्पाइक गार्डचा हिरवा दिवा मात्र अजून लागलेलाच आहे. नवीन यंत्रणा घेण्यापूर्वी कोणता स्पाइक गार्ड किंवा कोणता स्टॅबिलायझर घ्यावा, आणि जुना रिसीव्हर टाकून द्यावा का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, आपल्या घरातील दोष स्पाइक गार्डच्या निवडीत नाही, तो तारांच्या मांडणीत आहे; आणि मांडणी तशीच राहिली तर याहून महाग स्पाइक गार्ड घेऊनही पुढच्या मे महिन्यात हेच होऊ शकते. दुरुस्तीच्या टेबलावर आलेल्या यंत्रात कोणता भाग गेला आहे, हे पाहिले की सर्ज, म्हणजे क्षणभर उसळलेला प्रचंड वीजदाब, कोणत्या वाटेने आला, हे बहुतेक वेळा कळते. सर्ज वीजपुरवठ्याच्या तारेतून आला असता, तर रिसीव्हरचा फ्यूज, ब्रिज रेक्टिफायर किंवा स्टँडबायचा छोटा पॉवर सप्लाय आधी गेला असता आणि रिसीव्हर चालूच झाला नसता. आपल्या रिसीव्हरचा पॉवर सप्लाय शाबूत आहे आणि सिग्नल जिथून आत येतो व बाहेर जातो ती टोके गेली आहेत. सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हरचे एचडीएमआय, सबवूफरचे इनपुट, अशी ही साखळी आहे. ती साखळी म्हणजेच सर्जचा मार्ग आहे.

तो मार्ग असा. छतावरची डिश आणि तिच्यापासून खाली येणारी कोएक्सियल केबल कोठेही अर्थ केलेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली, नव्हती. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनांचा असतो, म्हणजे त्या बॉक्सलाही अर्थिंग नाही. बहुतेक एव्ही रिसीव्हरचा प्लगही दोन पिनांचाच असतो. सबवूफरला मात्र तीन पिनांचा प्लग होता. वीज जवळ पडल्यावर केबलच्या बाहेरच्या जाळीवर काही हजार व्होल्टचा दाब निर्माण झाला, आणि जमिनीपर्यंत पोहोचायला त्याला सर्वांत सोपी वाट मिळाली ती सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआय केबलमध्ये, तिथून रिसीव्हरच्या आतील ग्राउंडमध्ये, तिथून सबवूफरला आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीत आणि अखेर सबवूफरच्या अर्थ पिनेतून समोरच्या भिंतीत. एचडीएमआयचे चिप साधारण ३.३ व्होल्टच्या पातळीवर काम करतात. त्यांच्या शेजारून असा प्रवाह गेला की ते वाचत नाहीत. या सगळ्या घटनेत स्पाइक गार्डच्या फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये विशेष काही घडलेच नाही, म्हणून त्याने काही केले नाही आणि त्याचा दिवा लागलेला राहिला.

वीज प्रत्यक्ष डिशवर पडावीच लागते असेही नाही. घरातील वायरिंग एका बाजूने येते, डिशची केबल दुसऱ्या बाजूने येते आणि दोन्ही टीव्हीपाशी भेटतात. त्यामुळे त्या दोघींचे मिळून एक मोठे वेटोळे तयार होते. विजेच्या लोळातील प्रवाह एका मायक्रोसेकंदात काही दहा किलोअँपिअरने बदलतो. समजा हा वेग प्रति मायक्रोसेकंद ५० किलोअँपिअर आहे, वीज १०० मीटरवर पडली आहे आणि आपल्या वेटोळ्याचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर आहे, तर केवळ चुंबकीय क्षेत्राच्या बदलामुळे त्या वेटोळ्यात सुमारे १००० व्होल्ट निर्माण होतात. मोठ्या कौलारू घरात हे वेटोळे १० चौरस मीटरांहून सहज मोठे असते. केबल आणि विजेची वायर जितक्या दूरदूर फिरतील तितका हा दाब वाढतो. तारा एकत्र आणण्याविषयी मी पुढे वारंवार लिहिणार आहे, त्यामागचे एक कारण हेच आहे.

आता दोन वेगवेगळे धोके नीट वेगळे करून घेऊ, कारण बाजारात एकाच्या नावाने दुसऱ्याचा उपाय विकला जातो. एक आहे सर्ज, म्हणजे मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा हजारो व्होल्टचा दाब. तो विजेमुळे येतो, किंवा लाइनवर मोठा भार जोडला-तोडला गेल्यामुळे लहान प्रमाणात येतो. दुसरा आहे वाढलेला वीजदाब, जो काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत टिकतो. सर्जचा उपाय वाढलेल्या दाबापुढे टिकत नाही आणि वाढलेल्या दाबाचा उपाय सर्जला फार सावकाश ठरतो. आपल्या परिसरात दोन्ही धोके खरे आहेत.

स्पाइक गार्डच्या पोटात मुख्य भाग असतो तो व्हॅरिस्टर, म्हणजे झिंक ऑक्साइडची एक चकती. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ काहीच प्रवाह जाऊ देत नाही आणि दाब एका मर्यादेपलीकडे गेला की एकदम वाहू लागते. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी सर्रास वापरली जाणारी चकती २७५ व्होल्ट एसीची असते, आणि ५० ते १०० अँपिअरचा सर्ज आला तर ती दाब साधारण ७१० व्होल्टपर्यंत रोखून धरते. याचा अर्थ ती दाब २३० वर आणत नाही. यंत्राने ७०० व्होल्टचा तो क्षणिक दाब स्वतः सोसायचा असतो, आणि बहुतेक यंत्रे तो सोसतात. प्रत्येक मोठ्या सर्जबरोबर चकती थोडी झिजते. चांगल्या स्पाइक गार्डमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही ठिकाणी चकत्या असतात, त्या तापल्या तर सर्किट तोडणारा थर्मल कटऑफ असतो, आणि संरक्षण संपले की विझणारा वेगळा दिवा असतो. स्वस्त मालात फेज आणि न्यूट्रलमध्ये एकच चकती असते, कधी तीही नसते, आणि दिवा केवळ वीज चालू असल्याचे सांगतो. आपला हिरवा दिवा कशाचा आहे, हे त्या वस्तूच्या माहितीपत्रकातच कळेल. त्यावर संरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नसेल तर त्या दिव्यावर विसंबू नये.

वाढलेल्या वीजदाबाचा धोका मात्र मला विजेच्या धोक्याइतकाच, किंबहुना गावांच्या बाबतीत त्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे लोक लक्ष देत नाहीत म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. गावातल्या डीपीवरून, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. काही घरे पहिल्या फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या फेजवर असतात आणि न्यूट्रल सर्वांचा एकच असतो. माडाची झावळी पडून, जोड सैल होऊन किंवा गंजून हा सामाईक न्यूट्रल डीपी आणि घरे यांच्यामध्ये तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सिरीजमध्ये जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यामध्ये ४०० व्होल्ट वाटले जातात. ज्या फेजवर भार जास्त त्या फेजवरच्या घरांत दाब कमी होतो आणि ज्या फेजवर भार कमी तिथे तो ३०० च्या पुढे चढतो. (केवळ आपल्या घरात येणाऱ्या सिंगल-फेज सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तुटला तर घरातली वीज फक्त जाते, धोका सामाईक न्यूट्रल तुटण्याचा आहे. ज्यांचे मीटर थ्री-फेज आहे त्यांच्याकडे घरातला न्यूट्रल सुटला तरी हाच प्रकार होतो.)

दाब ४०० व्होल्टपर्यंत गेला तर त्याचे शिखर ५६५ व्होल्टच्या आसपास असते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सबवूफर आणि रिसीव्हरचा स्टँडबाय सप्लाय यांच्या स्विच-मोड पॉवर सप्लायमध्ये जो मोठा कपॅसिटर असतो तो ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो, म्हणून तो फुगतो किंवा फुटतो. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचे काय होते हेही सांगतो, कारण जुने ॲम्प्लिफायर काहीही सोसतात असा समज आहे. विजेचा क्षणिक सर्ज ते खरोखर बरा सोसतात. पण दाब चढलेलाच राहिला तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होऊन प्रवाह वाढतो, ५० व्होल्टची रेल (आतल्या सर्किटला मिळणारा डीसी दाब) ८० च्या घरात जाते, ६३ व्होल्टचे कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर आपल्या मर्यादेबाहेर जातात, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत बसवलेला थर्मल फ्यूज उडाला तर पूर्ण ट्रान्सफॉर्मर बदलावा लागतो. रिमोटने बंद केलेला रिसीव्हर स्टँडबायमध्ये असल्यामुळे लाइनवरच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

स्पाइक गार्डची २७५ व्होल्टची चकती अशा वेळी सतत वाहू लागते, तापते आणि जळते. ती मायक्रोसेकंदांसाठी बनलेली असते, मिनिटांसाठी नसते. थर्मल कटऑफ नसलेल्या स्पाइक गार्डचे प्लॅस्टिक वितळलेले मी बऱ्याचदा पाहिले आहे, आणि लाकडी फर्निचरच्या मागे अशी वस्तू ठेवणे मला धोक्याचे वाटते. यावर योग्य उपाय म्हणजे मुख्य बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो आणि दाब पूर्ववत झाल्यावर ठरावीक वेळ थांबून पुन्हा जोडतो. पुरवठ्याचा दाब २३० व्होल्टच्या थोडाच खालीवर असावा अशी अपेक्षा असते. तरी गावात रात्री तो २५५-२६० पर्यंत जाताना दिसतो, म्हणून वरची मर्यादा २६५ ते २७० आणि खालची १७० ते १८० च्या आसपास ठेवावी, नाहीतर रिले सारखा तुटत राहील. पुन्हा जोडण्याचा विलंब दोन-तीन मिनिटांचा ठेवावा. वीज गेल्यानंतर परत येते तेव्हाची पहिली काही मिनिटे दाब सर्वांत अस्थिर असतो, कारण सगळ्या गावाचे पंप आणि फ्रिज त्याच वेळी सुरू होत असतात. दिवे अचानक प्रखर झाले किंवा पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरू लागला, तर एकेक उपकरण बंद करत न बसता मुख्य स्विच खाली ओढावा.

स्टॅबिलायझरविषयी आपण विचारले आहे. दाब नेहमीच १८० किंवा २५० च्या आसपास राहत असेल तर स्टॅबिलायझर उपयोगी आहे, आणि हाय-व्होल्टेज कटऑफ असलेला स्टॅबिलायझर न्यूट्रल तुटल्यावरही यंत्र वाचवू शकतो. परंतु रिलेचा असो वा सर्व्होचा, त्याला हालचाल करायला मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो आणि सर्ज तोपर्यंत येऊन गेलेला असतो. घ्यायचाच असेल तर रिसीव्हर आणि सबवूफर यांच्या मागील पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या बेरजेच्या निदान दुप्पट व्हीएचा घ्यावा. छोट्या स्टॅबिलायझरवर मोठा ॲम्प्लिफायर लावला की तबल्याच्या जोरकस थापेला दाब क्षणभर खचतो आणि आवाज दबल्यासारखा वाटतो. आपल्या घरातला दाब सामान्यतः २३० च्या आसपास असेल, तर मी स्टॅबिलायझर सुचवणार नाही. वर सांगितलेला रिले पुरेसा आहे.

आता मुख्य विषयाकडे, अर्थिंगकडे येतो. अर्थिंग चांगले असेल तर सर्ज जमिनीत निघून जातो, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. कोकणातल्या जांभ्यात अर्थिंगचा रोध १० ओहमच्या खाली आणणेही कठीण जाते, विशेषतः उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे नेमक्या वळवाच्या दिवसांत. समजा विजेच्या प्रवाहाचा छोटा हिस्सा, २ किलोअँपिअर, त्या १० ओहमच्या अर्थिंगमधून गेला, तर अर्थची तार स्वतःच दूरच्या जमिनीच्या तुलनेत २० हजार व्होल्टवर चढते. काळ्या मातीत ५ ओहम मिळवले तरी १० हजार व्होल्ट होतातच. म्हणजे घर शून्य व्होल्टवर ठेवणे कोणालाही शक्य नाही. शक्य आहे ते इतकेच की घरातल्या सर्व तारा एकाच वेळी, एकत्र वर चढाव्यात आणि एकत्र खाली याव्यात. भरतीच्या वेळी होडीतल्या सगळ्या वस्तू होडीबरोबर वर येतात आणि एकमेकींवर आदळत नाहीत, तसेच हे आहे. यंत्राला अपाय होतो तो त्याच्या दोन तारांमधील दाबाच्या फरकामुळे. अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेतील संशोधक फ्रान्स्वा मार्ट्झलॉफ यांनी नेमक्या या गोष्टीवर दीर्घकाळ काम केले होते. वीजतार आणि सिग्नलची तार दोन वेगळ्या ठिकाणी संरक्षित केल्या असतील, तर एका ठिकाणचे संरक्षक साधन काम करत असतानाच दोन्हींच्या ग्राउंडमध्ये फरक पडतो आणि मधले यंत्र जळते, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून ऑडिओच्या शौकिनांमध्ये फार प्रिय असलेल्या एका सल्ल्याला मी ठाम विरोध करतो. ऑडिओसाठी बागेत वेगळा खड्डा करून स्वतंत्र, ‘स्वच्छ’ अर्थिंग घ्यावे, असा तो सल्ला असतो. तसे केल्याने कधी घुमण्याचा आवाज कमी होतो हे खरे आहे. पण वीज पडली की घराचे मूळ अर्थिंग १०-२० हजार व्होल्टवर जाते, काही मीटरवरचे दुसरे अर्थिंग तिथे जात नाही आणि तो सगळा फरक आपल्या ॲम्प्लिफायरच्या आत उभा राहतो. शिवाय रोजच्या वापरातही फेज बॉडीला लागली, तर त्या एकट्या खड्ड्यातून पुरेसा प्रवाह न गेल्यामुळे एमसीबी पडत नाही. दुसरा खड्डा करायचाच असेल तर तो अवश्य करावा, मात्र तो जाड तांब्याच्या तारेने किंवा जीआय पट्टीने मूळ अर्थिंगला जोडावा. तसे केल्यास रोधही कमी होतो. घुमण्याचा आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणे, किंवा अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलची तार अर्थ पिनेला जोडणे, हे दोन्ही प्रकार जिवावर बेतणारे आहेत. ते आपल्या घरात कोणी केले असतील तर बाकी सर्व कामांआधी दुरुस्त करून घ्यावेत.

आपल्या घरात प्रत्यक्ष करायचे काम असे. मीटरजवळ, मुख्य बोर्डाच्या खाली तांब्याची एक अर्थ पट्टी बसवावी आणि घरातील प्रत्येक अर्थ तार तिथे आणावी. वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा. फेज आणि अर्थमध्ये दिवा पेटवून पाहणे म्हणजे मोजणी नव्हे, कारण ४० ओहमच्या अर्थिंगवरही तो दिवा व्यवस्थित पेटतो. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे पाइप अर्थिंगचा जीआय पाइप निदान २.५ मीटर लांबीचा असावा. दुसरा पाइप पुरायचा असेल तर पहिल्यापासून निदान पाइपच्या लांबीइतका, शक्य तर दुप्पट दूर पुरावा.

त्यानंतर मुख्य बोर्डात टाइप २ चे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे पॅनेलवाले ज्याला एसपीडी म्हणतात, ते बसवावे. त्यावर २० किलोअँपिअरचा नॉमिनल आणि ४० किलोअँपिअरचा कमाल डिस्चार्ज प्रवाह लिहिलेला असावा आणि संरक्षण पातळी (सर्ज आल्यावर ते पुढे सोडते तो दाब) १.५ किलोव्होल्टच्या आसपास असावी. ज्या गावात न्यूट्रलचा त्रास आहे तिथे मी सतत सोसायचा दाब २७५ ऐवजी ३२० किंवा ३८५ व्होल्ट असलेले एसपीडी निवडतो. त्याची संरक्षण पातळी किंचित वर असते, पण न्यूट्रल तुटल्यावर ते लगेच जळून जात नाही. गावातल्या बहुतेक घरांना अर्थ डीपीवरून मिळत नाही, स्वतःच्या खड्ड्यातूनच घ्यावा लागतो. अशा ठिकाणी फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस डिस्चार्ज ट्यूब असलेल्या ‘१+१’ रचनेचे एसपीडी घ्यावे आणि ते आरसीसीबीच्या (प्रवाह जमिनीत गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) आधी, म्हणजे मीटरच्या बाजूला जोडावे. आरसीसीबीच्या नंतर जोडल्यास प्रत्येक गडगडाटाला आरसीसीबी पडतो. घराच्या छतावर वीजवाहक रॉड बसवलेला असेल तर टाइप २ पुरत नाही, टाइप १ आणि २ एकत्र असलेले एसपीडी लागते.

या जोडणीतील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तारेची लांबी. सरळ तारेचे इंडक्टन्स दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. सर्जचा प्रवाह प्रति मायक्रोसेकंद १ किलोअँपिअरने वाढत असेल, तर दर मीटर तारेवर १००० व्होल्ट पडतात आणि ते एसपीडीच्या पातळीत मिळवले जातात. एसपीडी उत्तम असूनही त्याची अर्थ तार बोर्डातून फिरत फिरत तीन मीटर जात असेल, तर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. फेजकडून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ पट्टी, या दोन्ही तारांची मिळून लांबी अर्धा मीटरच्या आत असावी, ती सरळ असावी आणि तिची गुंडाळी करू नये. वायरमन सवयीने उरलेली तार गुंडाळून नीट बांधून ठेवतात. तिथे उभे राहून ती कापायला लावावी. ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले एसपीडीच्या नंतर यावा.

आता डिश. आपल्या घरात वीज पूर्वेकडून येते आणि डिशची केबल पश्चिमेकडच्या छतावरून थेट टीव्हीमागे उतरते, असे आपण पाठवलेल्या आराखड्यात दिसते. शक्य असेल तर डिश पूर्वेकडे हलवावी. तिचा खांब १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने मुख्य अर्थ पट्टीला जोडावा, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी त्याच पट्टीजवळ एफ-कनेक्टरचा ग्राउंडिंग ब्लॉक किंवा गॅस ट्यूबचा कोएक्सियल अरेस्टर लावून निदान ४ चौरस मिलिमीटरच्या तारेने तो पट्टीला जोडावा. अरेस्टर घेताना तो एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, जाणारे १३/१८ व्होल्ट पुढे जाऊ देतो ना, हे पाहावे. तिथून पुढे केबल विजेच्या वायरिंगच्या सोबतीने, पण वेगळ्या पाइपमधून टीव्हीपर्यंत न्यावी, म्हणजे मघाशी सांगितलेले वेटोळेही लहान होते. डिश हलवणे शक्य नसेल, तर आहे त्या डिशची केबल आधी मीटरपर्यंत नेऊन मग परत आणावी. केबल वाढते, तरी हेच योग्य आहे.

इंटरनेटसाठी फायबर असेल तर चिंता कमी आहे. मात्र खांबावरून येणाऱ्या फायबर केबलला आधारासाठी बहुधा पोलादी तार जोडलेली असते. ती घराबाहेरच सोडवून थांबवावी, आत मोडेमपर्यंत आणू नये. मोडेमपासून रिसीव्हरपर्यंतची इथरनेट केबल बिनजाळीची साधी यूटीपी ठेवावी. तिच्या दोन्ही टोकांना १५०० व्होल्टचे आयसोलेशन आधीपासूनच असते. जाळीची केबल वापरून ते फुकट घालवू नये.

हे झाल्यावर मग स्पाइक गार्डची पाळी येते, आणि तिथे नियम एकच आहे : एकमेकांना तारेने जोडलेली सर्व यंत्रे एकाच पट्टीवर असली पाहिजेत. सबवूफर समोरच्या भिंतीशी ठेवायचा असेल तर विजेची एक्स्टेन्शन वायर पट्टीपासून आरसीए केबलच्या सोबत त्याच्यापर्यंत न्यावी. त्याने सर्जचा धोका बराच कमी होतो, शिवाय घुमण्याचा आवाजही बहुतेक वेळा नाहीसा होतो. ते जमत नसेल तर आरसीए केबलच्या मध्ये चांगला लाइन-लेव्हल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा किंवा वायरलेस किट वापरावे. तसेच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणायला ऑप्टिकल केबल चालत असेल तर तीच घ्यावी. तिच्यातून वीज जात नाही. घरभर फिरवलेल्या लांब स्पीकर वायरी, विशेषतः अंगणात किंवा ओसरीवर बाहेर नेलेल्या, याही डिशच्या केबलसारख्याच वागतात आणि पावसाळ्याआधी त्या रिसीव्हरपासून सोडवून ठेवाव्यात.

पट्टीमुळे आवाजाचा दर्जा बिघडतो का, अशी शंका आपण व्यक्त केली आहे. समांतर जोडलेली व्हॅरिस्टरची चकती नेहमीच्या दाबाला जणू नसतेच, त्यामुळे तिचा आवाजावर परिणाम होत नाही. आवाजावर परिणाम करू शकतो तो पातळ वायरचा, सैल सॉकेटचा किंवा कमी क्षमतेच्या फिल्टरचा स्पाइक गार्ड. मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी १६ अँपिअरचे सॉकेट आणि निदान १.५ चौरस मिलिमीटरची वायर असलेला घ्यावा.

इन्व्हर्टरबद्दल थोडेच सांगतो. घरगुती इन्व्हर्टर वीज असताना मेन्स जशीच्या तशी पुढे सोडतो, त्यामुळे तो सर्जपासून संरक्षण देत नाही. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर गुणगुणतो आणि तापतो, म्हणून प्युअर साइन-वेव्हच घ्यावा.

इतके सर्व करूनही थेट घरावर पडणाऱ्या विजेपासून यंत्र वाचेल अशी खात्री देता येत नाही, आणि तशी खात्री देणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. त्या प्रसंगी उपयोगी पडते ते केवळ प्लग काढून ठेवणे. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही : ते फक्त फेज तोडते, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि त्याच्या आतली फट जेमतेम काही मिलिमीटरची असते, जी हजारो व्होल्टचा दाब सहज ओलांडतो. प्लगबरोबर डिशची केबल आणि इथरनेटही काढावी. एक तार जरी राहिली तरी वाट उघडी राहते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, त्याचा चांगला उपयोग होतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. त्या वेळी केबलला किंवा प्लगला हात लावू नये, यंत्र जळाले तरी चालेल. प्लग काढायचे ते आभाळ भरून येत असताना, आणि परत लावायचे ते शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने. आपण मे-जूनमध्ये आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मुंबईला असता, असे लिहिले आहे. विजांचे मुख्य दिवस हेच आहेत, तेव्हा घर बंद करताना मुख्य स्विचसोबत हे तिन्ही जोड सोडवून जावे.

खर्चाला मर्यादा असेल तर आधी अर्थ पट्टी आणि डिशची जोडणी करावी, मग ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले आणि एसपीडी, आणि सर्वांत शेवटी नवीन स्पाइक गार्ड. बोर्डातील काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. एसपीडीवरील छोटी खिडकी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहावी; ती लाल झाली असेल तर आतील काडतूस बदलावे लागते.

जुना रिसीव्हर टाकून देऊ नये. त्याचा पॉवर सप्लाय आणि ॲम्प्लिफायर विभाग चांगला असण्याची शक्यता मोठी आहे. सर्व स्पीकर सोडवून, केवळ सीडी प्लेअर किंवा मोबाइल ॲनालॉग इनपुटला लावून, हेडफोनवर तो आधी तपासावा. आवाज स्वच्छ असेल तर तंत्रज्ञाकडून प्रत्येक स्पीकर टर्मिनलवरील डीसी दाब मोजून घ्यावा. तो काही दहा मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडायला हरकत नाही. एचडीएमआयचा बोर्ड बऱ्याच मॉडेलमध्ये वेगळा असतो आणि बदलता येतो, पण त्याची किंमत विचारल्यावर अनेकदा असे दिसते की टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने आणून तो रिसीव्हर तसाच वापरणे परवडते. सबवूफरमध्ये बहुधा इनपुटचा ऑपॲम्प गेलेला असतो. तो आठ पायांचा स्वस्त चिप आहे आणि कोणताही चांगला दुरुस्ती करणारा तो बदलून देईल. त्या दुरुस्तीच्या वेळी आरसीए सॉकेटचे ग्राउंड आणि प्लगची अर्थ पिन यांना जोडणारी बोर्डावरची तांब्याची रेघ जळली आहे का, हेही त्याला पाहायला सांगावे, कारण आपल्या यंत्रणेतला सगळा प्रवाह तिथूनच गेला आहे.